जुने गेम शो आजच्या प्रेक्षकांना दाखवायचे आहेत: चित्र, नियम, बक्षिसाचे आकडे यांचं काय करावं?

शनिवार_संध्याकाळ (सिंहगड रस्ता, पुणे)

सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दीड तास जुने गेम शो आणि क्विझ दाखवायचं ठरलंय. प्रेक्षक तीसच्या आसपास, वयं बारा ते पंचाहत्तर. ५५ इंची टीव्ही आहे, त्याला लॅपटॉप जोडता येतो. अकरा व्हीएचएस कॅसेट आहेत, १९९३ ते २००१ मधल्या, बहुतेक ई-१८०. त्यातल्या चार यूएसबी डोंगलवरून (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारा जोड) आधीच फाइलमध्ये घेतल्या आहेत. शिवाय यूट्यूबवरचे काही जुने अमेरिकन भाग दाखवायचा विचार आहे.

अडचणी अशा. चेहरे रुंद, फुगल्यासारखे दिसतात. कोणी हात हलवला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. कॅसेटवरच्या एका क्विझमध्ये गुणफलकावरचे लाल आकडे वाचताच येत नाहीत. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे दहा मिनिटांत मुलं उठून जातात. 'फार हळू आहे' आणि 'एवढ्याशा पैशासाठी?' हे दोन शेरे हमखास येतात. चित्र सुधारेल हे माहीत आहे, पण कार्यक्रम आज बघण्याजोगा कसा करायचा?

---

फील्ड_५०

आधी चित्र, कारण 'हळू आहे' या तक्रारीतला थोडा भाग चित्रातूनच येतो.

फुगलेले चेहरे: त्या काळचं चित्र ४:३ आकाराचं. टीव्ही ते १६:९ मध्ये ताणतो. टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार '४:३' किंवा 'ओरिजिनल' करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. पट्ट्या घालवायला 'झूम' केलंत तर वरचा-खालचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि गेम शोमध्ये गुण, पर्याय, रक्कम सगळं खालच्या पट्टीतच असतं.

कंगवा: आपल्याकडचं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळी, आणि दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचं अंतर. हात तेवढ्या वेळात पुढे सरकलेला असतो. दोन्ही फील्ड एकाच वेळी दाखवले की दात दिसतात. लॅपटॉपवरून व्हीएलसी हा प्लेअर वापरत असाल तर व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (दोन फील्ड सुटे करणं) 'ऑन' आणि मोड 'यादिफ (२एक्स)' किंवा 'बॉब' ठेवा. साधा 'ब्लेंड' किंवा 'डिस्कार्ड' ठेवू नका. 'ब्लेंड'मध्ये भुतासारखी सावली येते आणि 'डिस्कार्ड'मध्ये निम्मी हालचाल फेकली जाते. स्टुडिओतल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपली होती. ती ५० च्या ५० दिसली की बझरवर पडणारा हात, प्रेक्षकांच्या टाळ्या, सूत्रसंचालकाची मान वळणं, सगळं समोर चालल्यासारखं वाटतं. २५ वर आणलं की तोच कार्यक्रम मरगळलेला दिसतो.

फाइल कायमची तशी करायची असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस 'बॉब', फ्रेमरेट ५० आणि 'कॉन्स्टंट', आरएफ (दर्जाचा आकडा) १८, आपोआप कापणं बंद, आकार ७६८×५७६. यूट्यूबवर खासगी यादीत टाकणार असाल तर आधी १४४०×१०८० करून घ्या. तिथे ७२० ओळींच्या खाली ५० फ्रेम मिळत नाहीत, आणि यूट्यूबवरचे बरेच जुने भाग अडखळत चालतात त्याचं हे एक कारण आहे.

टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. हे यंत्र मधल्या फ्रेम स्वतः रचतं आणि फिरत्या चाकावरचे आकडे वितळल्यासारखे होतात.

चित्राच्या अगदी तळाशी आठ-दहा ओळींची तुटकी पट्टी दिसेल. व्हीसीआर टेप वाचताना एका हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) दुसऱ्यावर जातो तेव्हा ती येते. जुन्या डब्बा टीव्हीत कडा काचेआड जायच्या म्हणून ती कधी दिसलीच नाही. ती कापू नका, काळ्या पट्टीने झाका, म्हणजे ४:३ आकार बिघडत नाही.

लाल आकडे: व्हीएचएसवर रंग फार कमी तपशिलाने साठतो, उजेड-अंधार त्या मानाने बराच बारीक. म्हणून लाल रंग शेजारी पसरतो. गुणफलकाच्या वेळी व्हीएलसीच्या व्हिडिओ इफेक्ट्समध्ये सॅच्युरेशन (रंगाची मात्रा) शून्यावर आणा. कृष्णधवल झाल्यावर ६ आणि ८ बऱ्याचदा वेगळे ओळखू येतात. वाचलेले गुण फळ्यावर लिहून ठेवा आणि रंग परत चालू करा.

---

जुनी_कॅसेट

उरलेल्या सात कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून रिळाकडे टॉर्चने तिरप्या उजेडात बघा. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे डाग असतील तर ती बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट चालवली की बुरशी हेडवर येते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटला लागते. ती बाजूला काढा, सर्वांत शेवटी आणि वेगळ्या यंत्रावर घ्या.

चांगली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप त्याने सैल होते.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामॉय कातड्याची काडी. कापसाची काडी नको, धागे हेडमध्ये अडकतात. काडी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) आडवी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवा. काडी वर-खाली घासली की हेडचा तुकडा उडतो, आणि मग तो व्हीसीआर संपला.

व्हीसीआर नसेल तर जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतात, पण कॅसेट बरोबर घेऊन जा आणि तिथेच दहा मिनिटं चालवून बघा. टेप चुरगळली तर दाबाचा रबरी रोलर कडक झालाय असं समजा. ई-१८० वर साध्या गतीने तीन तास मावतात, एलपीवर (निम्म्या गतीने) सहा. कॅसेट एलपीवर भरलेली असेल तर एलपी वाचणारंच यंत्र लागेल.

स्वस्त डोंगलची खोड ही की टेपवर सिग्नल हलला की तो फ्रेम टाकतो, आणि तासाभराने ओठ आणि आवाज यांत अंतर पडतं. व्हीसीआर आणि डोंगल यांच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून ठेवा. त्यातून जाताना बऱ्याच यंत्रांत सिग्नल सावरला जातो. पिवळ्या-पांढऱ्या आरसीए वायरी तपकीर गल्लीत मिळतील. त्यातली जाड, स्क्रीन असलेली घ्या.

---

शनिवार_संध्याकाळ

४:३ आणि 'यादिफ २एक्स' केलं, फरक मोठा आहे. एका फाइलमध्ये मात्र हालचाल थरथरते, जणू माणूस पुढे-मागे होतोय. आणि सर्वांत जुन्या कॅसेटवर प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे पुसट दुसरी आकृती आहे.

---

फील्ड_५०

थरथर म्हणजे फील्डचा क्रम उलटा लागलाय. टाळ्यांचा प्रसंग निवडा आणि 'ई' दाबून एकेक फ्रेम पुढे न्या. हात पुढे, मागे, पुढे असा गेला तर खात्री. यूएसबी डोंगलची फाइल बहुधा वरचा फील्ड आधी अशी असते, डीव्ही कॅमेऱ्यातून घेतलेली खालचा आधी. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटफील्ड फिल्टरने क्रम सांगा आणि त्यानंतर बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेस फिल्टर लावा, त्याआधी नाही.

उजवीकडची सावली अँटेनाची आहे. पुण्यात दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७३ पासून सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून यायचं. टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून आलेला सिग्नल किंचित उशिरा पोचतो आणि दुसरी आकृती उमटते. ती टेपवरच नोंदली गेली आहे, काढायच्या नादी लागू नका. प्रेक्षकांना दाखवा मात्र, ते त्या घराच्या गच्चीचं चित्र आहे.

---

बझर_राउंड

आता मुलं उठून का जातात त्याबद्दल. क्विझ नुसतं बघायचा प्रकार नाही, बरोबरीने खेळायचा आहे. तेव्हा घरोघरी लोक स्पर्धकाच्या आधी उत्तर ओरडायचे. आज आपण फोन हातात धरून बघतो, म्हणून मधली शांतता रिकामी वाटते.

पद्धत अशी ठेवा. चार-पाच जणांचे गट, प्रत्येकाला वही-पेन, फोन टोपलीत. प्रश्न संपला की पॉज, दहा सेकंद मोजा, गटांनी लिहायचं, मग प्ले. अर्ध्या तासाच्या भागाला या पद्धतीने पन्नास मिनिटं लागतात, त्यामुळे दीड तासात एकच भाग आणि एक तुकडा एवढंच धरा. अधिक कोंबू नका.

आधी स्वतः पूर्ण भाग बघून प्रत्येक प्रश्नापुढे वेळ आणि 'आज उत्तर बदललंय का' हे लिहून काढा. हे काम टाळलं तर हॉलमध्ये भांडण ठरलेलं. काही नमुने देतो. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ जुलै १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार झाले तेव्हा ३३. १ मे १९९९ ला हिंगोली, गोंदिया धरून ३५. २०१४ मध्ये पालघरनंतर ३६. भारतात राज्यं किती? 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० ला सुरू झालं तेव्हा २५. त्याच नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाले आणि २८ झाली. म्हणजे एकाच पर्वाच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं बरोबर. ग्रह नऊ होते ते ऑगस्ट २००६ पर्यंत. कसोटीतल्या सर्वाधिक धावा फेब्रुवारी १९९३ पर्यंत गावसकरांच्या, १०,१२२. त्यानंतर ॲलन बॉर्डर, २००५ मध्ये लारा, २००८ मध्ये सचिन.

यातून फार छान खेळ निघतो: 'त्या दिवशीचं उत्तर' लिहिणाऱ्याला १० गुण, 'आजचं उत्तर' लिहिणाऱ्याला ५. पंचाहत्तरीतले आणि बारा वर्षांचे एकाच गटात लागतात, कारण दोघांपैकी एकट्याला कोणालाच दोन्ही उत्तरं येत नाहीत.

उलट काही प्रश्न अजिबात जुने होत नाहीत. हर्षवर्धन नवाथे यांनी २००० मध्ये पहिले एक कोटी जिंकले तो शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधान कोणाला देतं असा होता. उत्तर ॲटर्नी जनरल, कलम ८८. आजही तेच.

संघांच्या क्विझमध्ये बसण्याची जागा बघा. 'पास' होणारे प्रश्न एकाच दिशेने गेले तर कच्च्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्याला फुकट संधी मिळतात. म्हणून चांगले क्विझमास्टर अर्ध्यावर दिशा उलटी करतात. कॅसेटवरच्या भागात कोणाला किती पास मिळाले ते मोजा. निकाल हुशारीचा की खुर्चीचा हे कळतं. आज पुण्यातल्या क्विझमध्ये इनफिनिट बाउन्स (ज्या संघाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून पुढचा प्रश्न सुरू) वापरतात तो याच दोषावरचा उपाय.

---

आकडेमोड

'एवढ्याशा पैशासाठी?' याचं उत्तर आकड्यात द्या. आयकर खात्याचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स (दरवर्षीचा महागाईचा आकडा) सोयीचा आहे. जुन्या मालिकेत १९९३-९४ ला २४४, २०००-०१ ला ४०६, २००१-०२ ला ४२६. नव्या मालिकेत २००१-०२ ला १०० आणि २०२४-२५ ला ३६३. म्हणजे १९९३-९४ चे ५,००० रुपये काढायचे तर ५,००० × ४२६ ÷ २४४ × ३.६३, साधारण ३१,७००. २००० सालचा एक कोटी त्याच रीतीने सुमारे ३ कोटी ८१ लाख. दोन मालिका जोडताना २००१-०२ चा दुवा विसरलात तर उत्तर साफ चुकतं. हा निर्देशांक ग्राहक महागाईच्या वाढीच्या ७५ टक्केच धरतो, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा समजा. प्रत्येक बक्षिसाची आजची रक्कम कागदाच्या पट्टीवर लिहून टीव्हीशेजारी लावा. शेरे बंद होतील.

दुसरं, 'हा घाबरट, सोडून का गेला?' असं आजच्या मुलांना वाटतं. 'कौन बनेगा करोडपती'च्या पहिल्या पर्वाची बक्षिसांची शिडी फळ्यावर काढा: १,०००, २,०००, ३,०००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,०००, ८०,०००, १,६०,०००, ३,२०,०००, ६,४०,०००, १२,५०,०००, २५,००,०००, ५०,००,०००, १,००,००,०००. पाचव्या आणि दहाव्या पायरीवर पक्का मुक्काम.

सहावा आणि अकरावा प्रश्न फुकट आहेत. चुकलं तरी खाली जात नाही, तिथे कोणी सोडून गेला तर ती खरी चूक. बारावा बघा: हातात ६.४ लाख, चुकलं तर ३.२, बरोबर आलं तर १२.५. सोडणं आणि खेळणं सारखं व्हायला खात्री लागते (६.४ − ३.२) ÷ (१२.५ − ३.२), म्हणजे ३४ टक्के. फिफ्टी-फिफ्टी उरलं असेल तर खेळायलाच हवं. तेराव्याला हाच आकडा ४३ टक्के, चौदाव्याला ४७, पंधराव्याला ४८.

पण हे सरासरीचं गणित आहे, आणि समोर बसलेला माणूस एकदाच खेळतो. २५ लाख हातात असलेल्याला चुकल्यावर २१ लाख ८० हजार जातात, आणि त्या वेळी त्यात घर येत होतं. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरची ती दीड मिनिटाची शांतता कापू नका. तेव्हा घड्याळ नव्हतं, ते पुढच्या पर्वांत आलं. ती शांतता म्हणजेच खेळ. तिथे पॉज करून गटांना विचारा: खात्री किती टक्के? आकडा वहीत लिहायला लावा, मग पुढे चला.

---

बझर_राउंड

वरच्या हिशोबात एक भर. तो फक्त त्या एका प्रश्नापुरता आहे. बाराव्याला बरोबर आलात तर तेराव्याला सोडायचा हक्क मिळतो, त्याचीही किंमत आहे. त्यामुळे खरी लागणारी खात्री ३४ पेक्षा थोडी कमीच. लाइफलाइन शिल्लक असतील तर आणखी कमी.

---

किनेस्कोप

अमेरिकन भागांबद्दल. १९५० च्या दशकातले बहुतेक भाग किनेस्कोप आहेत, म्हणजे मॉनिटरसमोर १६ मिमी फिल्म कॅमेरा लावून घेतलेली प्रत. त्यांना डीइंटरलेस लावू नका, काही मिळणार नाही, चित्र मऊ पडेल. कडेचा अंधार आणि उजळ वस्तूभोवतीचं काळं वलय मूळचं आहे. पुढे टेप आली, पण दोन इंची टेप महाग असल्याने दुपारचे गेम शो पुसून तीच टेप पुन्हा वापरली जायची. एखाद्या मालिकेचे मोजकेच भाग मिळतात ते यामुळे.

'ट्वेंटी-वन' दाखवणार असाल तर आधी काहीही सांगू नका. १९५६ चा चार्ल्स व्हॅन डोरेन आणि हर्ब स्टेम्पेल यांचा सामना लावा आणि गटांना विचारा, कोण खरं आठवतंय आणि कोण अभिनय करतंय? काचेच्या खोलीतला घाम, ओठ चावणं, शेवटच्या क्षणी सुचलेलं उत्तर, हे सगळं बसवलेलं होतं. स्टेम्पेलला १९५५ चा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर 'मार्टी'ला मिळाला हे पक्कं ठाऊक होतं, तरी त्याला 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हणायला लावलं. व्हॅन डोरेनने नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर (तिथल्या संसदेसमोर) कबुली दिली, आणि १९६० मध्ये क्विझचा निकाल आधी ठरवणं कायद्याने गुन्हा झाला. कबुली सांगून झाल्यावर तोच तुकडा पुन्हा लावा. दुसऱ्यांदा बघताना सगळे पुढे सरकून बसतात.

'प्रेस युवर लक'चा १९८४ चा भाग मुलांसाठी ठेवा. मायकेल लार्सनने घरी व्हीसीआरवर भाग टिपून ओळखलं की १८ चौकटींवर फिरणारा दिवा पाचच ठरावीक चालींनी फिरतो, आणि चौथ्या व आठव्या चौकटीत नेहमी पैसे आणि जादा फेरी असते. त्याने १,१०,२३७ डॉलर नेले. मुलांना पाच मिनिटं फ्रेम-फ्रेम पुढे नेऊ द्या आणि एखादी चाल कागदावर उतरवायला सांगा. त्याने जे केलं तेच त्यांच्या हातून होईल.

तीन दारांचा खेळ (एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक निवडता, मग सूत्रसंचालक दुसरं रिकामं दार उघडून 'बदलणार का?' विचारतो) अमेरिकन 'लेट्स मेक अ डील'मधला, आपल्याकडे २००१ मध्ये त्यावरून 'खुल जा सिम सिम' आलं. 'दार बदललं तर २/३' हे आजकाल सगळ्यांना पाठ असतं. ते तेव्हाच खरं, जेव्हा सूत्रसंचालक प्रत्येक वेळी रिकामं दार उघडून बदलाची संधी देतोच. त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक माँटी हॉल याच्यावर तसं बंधन नव्हतं. मर्जी असेल तर संधी, नसेल तर नाही, वर रोख रकमेचं आमिषही. म्हणून भाग लावताना दोन रकाने करा: संधी कधी दिली, आणि तेव्हा पहिलं दार बरोबर होतं की चूक. ८-१० डाव नोंदल्यावर पाठ केलेलं उत्तर किती लागू पडतं ते मुलंच सांगतील.

---

वहिनी_पैठणी

मराठीतलं काही घ्या. 'होम मिनिस्टर' २००४ चं आहे, आता तेही जुनंच. आजच्या डोळ्यांना खटकेल की प्रश्न बहुतेक नवरा, सासर, स्वयंपाक यांच्याभोवती फिरतात. खटकू द्या, त्यावर बोलणं व्हावं. पण त्याच वेळी पडद्यामागे नजर टाका: दिवाणखान्यातलं शोकेस, डब्बा टीव्ही, दारात जमलेली अख्खी चाळ, आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच स्वतःचं नाव ठणकावून सांगणारी बाई. स्टुडिओतल्या सेटवर हे सापडत नाही. त्या भागाला वही-पेन नको, आवाज थोडा वाढवा. घरातल्या माइकवर पंख्याची घरघर असते आणि उखाण्याची शेवटची ओळ तिच्यात बुडते. व्हीएलसीच्या इक्वलायझरमध्ये २०० हर्ट्‌झखालचं कमी आणि २ ते ४ किलोहर्ट्‌झ ४ डेसिबलने वर.

---

शनिवार_संध्याकाळ

या शनिवारी 'ट्वेंटी-वन' न सांगता, मग कॅसेटवरचं क्विझ 'त्या दिवशीचं उत्तर' पद्धतीने. एकच शंका: गट आठ की सहा?

---

बझर_राउंड

सहा, पाच-पाच जणांचे. आठ केलेत तर प्रत्येक पॉजनंतर वह्या तपासायलाच दीड मिनिट जातं. गुण मोजणारा माणूस गटाबाहेरचा ठेवा, आणि रिमोट त्याच्याकडे देऊ नका, दोन्ही कामं एकाला जमत नाहीत.